आधी मठ, मग वाइनरी : सांगलीकर गटाने जॉर्जियातली एक दिवसाची सहल कशी आखावी

जॉर्जियाच्या राजधानीतून, म्हणजे तिबिलिसीतून सकाळी निघायचं, काखेती प्रांतातला एक मठ पाहायचा, दुपारी वाइनरीत जायचं आणि संध्याकाळी मुक्कामी परतायचं. बेत कागदावर सोपा दिसतो, पण सांगली-मिरज-तासगावकडच्या गटांचा तो हमखास बिघडतो आणि बिघडण्याची कारणंही ठरलेली असतात. एका दिवसात चार ठिकाणं कोंबलेली असतात. वाइनरी आधी आणि मठ नंतर लावलेला असतो. माळकरी आणि जैन मंडळी काय खाणार, हे कुणी विचारलेलंच नसतं. मठाच्या दारात पोचल्यावर कळतं की निम्म्या लोकांचे कपडे इथे चालत नाहीत.

यातलं काहीही तिथे पोचल्यावर सुधारत नाही. सगळं इथे बसूनच ठरवावं लागतं, म्हणून खालच्या दहा टप्प्यांपैकी पहिले सहा सांगलीतले आहेत. गट पंधरा ते अठरा जणांचा धरला आहे. त्यात द्राक्ष बागायतदार, त्यांच्या घरच्या बायका, एखाद-दुसरे आजी-आजोबा असे सगळे आहेत.

## टप्पा १ : तारीख बागेकडे बघून काढा

काखेतीत द्राक्षकाढणी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालते. तिथे तिला र्त्वेली म्हणतात. द्राक्षवाल्या माणसाने जायचं तर याच दिवसांत, असं मला मनापासून वाटतं. काढणीविना वाइनरी म्हणजे नुसतं गोदाम बघितल्यासारखं होतं. अडचण एवढीच की आपली फळछाटणीही त्याच सुमारास येते. शिवाय गणपती आणि पितृपक्ष मध्येच पडतात.

यातून मार्ग असा. गटातल्या प्रत्येकाला आधी छाटणीची तारीख विचारा आणि ती लिहून घ्या. १० ऑक्टोबरनंतर छाटणी धरणाऱ्यांना सप्टेंबरचा शेवटचा आठवडा जमतो. आगाप छाटणीवाल्यांनी मे अखेर ते जून हा काळ धरावा. हवा चांगली असते आणि वेलींवर कोवळी वाढ दिसते, मात्र पिकलेले घड बघायला मिळत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये इथे बागेचं काम जरा हलकं असतं, पण तिथे ऊन कडक असतं आणि इकडे श्रावण लागलेला असतो. वाइनरीची सहल श्रावणात काढली की घरोघरी वाद होतात. ते टाळा.

वारही महत्त्वाचा आहे. रविवारी सकाळी मठात मोठी प्रार्थना असते, भाविकांची गर्दी असते आणि फिरायला आलेल्या गटाची तिथे अडचणच होते. शनिवारी-रविवारी काखेतीतल्या सिघनाघी या गावात लग्नाची वऱ्हाडंही असतात. मंगळवार ते शुक्रवार यातला दिवस घ्या. शाकाहारी जास्त असतील तर बुधवार किंवा शुक्रवार उत्तम. कारण पुढे जेवणाच्या टप्प्यात आहे.

सावधान : २७ जानेवारी आणि १ जून हे संत निनोचे दिवस. सिघनाघीजवळचा बोद्बेचा मठ तिच्याच समाधीचा, त्यामुळे त्या दिवशी तिथे यात्रा असते. या दोन तारखा टाळा.

## टप्पा २ : माणसांची यादी, नुसत्या नावांची नव्हे

पासपोर्ट क्रमांकांची यादी सगळे करतात. सहल सुरळीत होते ती दुसऱ्या यादीमुळे. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे पाच रकाने आखा.

पहिला रकाना : वाइन चाखणार की नाही. हे चारचौघांत विचारू नका, एकेकट्याला फोन करून विचारा. घरातल्या बायकांना वेगळं विचारा. नवऱ्याने परस्पर "ती नाही घेणार" किंवा "ती घेईल" असं सांगितलेलं धरू नका. गळ्यात माळ असलेल्यांना आग्रह करायचा नाही, हे गटाच्या बैठकीतच सांगून टाका.

दुसरा : खाणं. मांसाहारी, शाकाहारी, अंडं चालतं की नाही, जैन. जैन असेल तर कांदा-लसूण आणि कंदमुळांसोबत सूर्यास्तानंतर जेवतात का, हेही लिहा. जूनमध्ये तिबिलिसीत सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, त्यामुळे अडचण येत नाही. सप्टेंबरअखेरीला सातच्या सुमारास मावळतो, आणि तेव्हा गट बऱ्याचदा रस्त्यातच असतो.

तिसरा : औषधं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर रिकाम्या पोटी वाइन घेतल्याने एकदम खाली येऊ शकते. रक्त पातळ करणाऱ्या, झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारावं आणि उत्तर गटप्रमुखाला सांगावं.

चौथा : गुडघे. किती पायऱ्या चढवतील-उतरवतील, हे खरं खरं विचारा. "होईल की" हे उत्तर धरू नका.

पाचवा : गाडी लागते का. काखेतीच्या एका वाटेवर घाट आहे.

तपासा : "चाखणार" आणि "न चाखणार" यांचे आकडे वेगवेगळे लिहिलेत का? वाइनरीला हेच दोन आकडे पाठवायचे आहेत.

## टप्पा ३ : वाट एकच निवडा

तिबिलिसीहून काखेतीकडे जायच्या दोन सोयीच्या वाटा आहेत.

पहिली वाट सिघनाघीची. तिबिलिसीपासून साधारण ११० किलोमीटर, गाडीने पावणेदोन-दोन तास, रस्ता बराचसा सपाट. सिघनाघीपासून दोन किलोमीटरवर बोद्बेचा मठ आहे. इथे ख्रिस्ती जोगिणी राहतात आणि मठ नांदता आहे. जॉर्जियात ख्रिस्ती धर्म आणणाऱ्या संत निनोची समाधी इथेच आहे. हवा स्वच्छ असेल तर आवारातून खाली अलाझानीचं खोरं आणि पलीकडे कॉकेशसची बर्फाची रांग दिसते. आसपासच्या गावांत घरगुती आणि मध्यम वाइनरी भरपूर आहेत.

दुसरी वाट तेलावीची. गोंबोरीचा घाट ओलांडून जायचं. घाटमाथा १६०० मीटरच्या वर आहे आणि वळणं पुष्कळ. या बाजूला अलावेर्दीचा मठ आहे. अकराव्या शतकातलं, ५० मीटरहून उंच असं भव्य चर्च, आणि तिथले साधू स्वतः वाइन करतात. मठ आणि वाइन एकाच आवारात असल्यामुळे ही वाट सोपी वाटते, पण तिथलं तळघर आयत्या वेळी पाहायला मिळेल असं धरू नका. ते आधी ठरवावं लागतं. कपड्यांचे नियमही तिथे अधिक कडक आहेत.

ज्येष्ठ मंडळी असतील तर माझं मत सरळ आहे : बोद्बे आणि सिघनाघीची वाट घ्या. गट तरणाताठा असेल आणि वाइन करण्याची पद्धतच बघायची असेल तर अलावेर्दी.

सगळ्यात जास्त घात होतो तो इथे. एजंट म्हणतो, "सर, त्याच पैशात दोन्ही मठ, क्वारेलीचा बोगदा आणि दावित गारेजासुद्धा दाखवतो." मान डोलावू नका. दावित गारेजा अझरबैजानच्या सीमेवर उजाड माळात आहे. त्यातला भित्तिचित्रांचा उदाब्नो हा भाग सीमावादामुळे २०१९ पासून बंद झाला, आणि उरलेलं पाहायलाही वेगळा दिवस लागतो. क्वारेलीला डोंगरातल्या बोगद्यांत मोठी वाइनरी आहे, आत बाराही महिने १२ ते १४ अंश तापमान असतं आणि ती बघण्यासारखीही आहे. पण सिघनाघीहून तिथे जाऊन परत तिबिलिसी गाठायचं म्हणजे दिवसभर गाडीतच बसायचं. एका दिवसात एक मठ, एक गाव आणि एक वाइनरी, यापेक्षा जास्त घेऊ नका.

## टप्पा ४ : कागद

भारतीय पासपोर्टवर जॉर्जियाचा ई-व्हिसा मिळतो, तो तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावरूनच काढा. अर्ज निदान तीन-चार आठवडे आधी करा. ज्यांच्याकडे अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा आहे त्यांना वेगळी सवलत असते. ती त्या त्या वेळी तपासून घ्या. २०२६ च्या १ जानेवारीपासून येणाऱ्या प्रत्येकाकडे किमान ३० हजार लारींचा (लारी हे तिथलं चलन) आरोग्य आणि अपघात विमा लागतो.

तिबिलिसीच्या विमानतळावर भारतीय प्रवाशांची चौकशी कसून होते. हॉटेल, परतीचं तिकीट, विमा आणि काखेतीच्या सहलीचं बुकिंग यांची छापील प्रत प्रत्येकाच्या स्वतःच्या हातात हवी. सगळ्यांचे कागद एकाच पिशवीत आणि ती पिशवी रांगेत पुढे गेलेल्या गटप्रमुखाकडे, असं झालं की मागची माणसं अडकतात. आजी-आजोबांना तीन प्रश्नांची उत्तरं पाठ करून द्या : किती दिवस, कुठलं हॉटेल, परत कधी.

## टप्पा ५ : गाडी, गाइड आणि वाइनरी लेखी ठरवा

पंधरा-सतरा जणांना तिथे स्प्रिंटर ही मोठी व्हॅन मिळते. दर माणशी घेऊ नका, अख्ख्या गाडीचा घ्या, आणि त्यात डिझेल, पार्किंग, ड्रायव्हरचं जेवण धरलंय का हे विचारा. गाइड इंग्रजी बोलतो की हिंदी, हेही आधी पक्कं करा. ड्रायव्हरच गाइड असेल तर तो वाइनरीत गटासोबत बसतो आणि यजमान त्याच्यापुढेही ग्लास ठेवतो. म्हणून अठरा जणांच्या गटाला वेगळा गाइड हवाच. तिथे पैसे वाचवू नका.

वाइनरी निवडताना नाव आणि इमारत बघू नका. आपल्या माणसांना बाग बघायची असते. स्वतःची बाग, स्वतःचं तळघर आणि मालक स्वतः बोलायला हजर, अशी घरगुती वाइनरी शोधा. मग एकच सविस्तर निरोप पाठवा. त्यात एवढं असू द्या :

- एकूण माणसं किती, त्यातली वाइन चाखणारी किती. न चाखणाऱ्यांसाठी द्राक्षाचा रस आहे का, आणि त्यांचा दर वेगळा आहे का.
- आम्ही द्राक्ष पिकवणारे आहोत, बागेत अर्धा तास फिरायचं आहे.
- किती वाइन चाखायला देणार आणि प्रत्येकी किती मिली.
- सोबत खायला काय, त्यात मांस आहे का.
- तळघरात पायऱ्या किती, कठडा आहे का.

आम्ही शेतकरी आहोत, हे वाक्य सोडू नका. त्या एका वाक्याने मालकाचं बोलणं बदलतं. पर्यटकाला तो ठरीव माहिती सांगून मोकळा होतो, बागायतदाराला मात्र वेलीपाशी घेऊन जातो.

सावधान : "चहा-नाश्त्यासारखंच आहे, तिथे गेल्यावर बघू" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. काढणीच्या दिवसांत न कळवता आलेल्या अठरा माणसांकडे बघायला तिथे कुणालाही वेळ नसतो.

## टप्पा ६ : कपडे आणि पिशवी

जॉर्जियन ऑर्थोडॉक्स मठात बायकांचं डोकं झाकलेलं आणि खांदे-गुडघे झाकलेले हवेत, शिवाय घागरा किंवा स्कर्ट हवा. नऊवारी-सहावारी साडी नेसलेल्यांना काहीच करावं लागत नाही, पदर डोक्यावरून घेतला की झालं. पंजाबी ड्रेस आणि जीन्सवाल्यांसाठी दाराशी कमरेला गुंडाळायचे कपडे ठेवलेले असतात. ते असंख्य लोकांनी वापरलेले, कधी ओलसर, आणि गर्दीत पुरतही नाहीत. त्यापेक्षा इथूनच एक साधं सुती लुगडं अर्धं फाडून त्याचे दोन तुकडे करा आणि पिशवीत टाका. कमरेला गुंडाळून गाठ मारली की काम होतं. ओढणी प्रत्येकीची स्वतःची.

पुरुषांनी पूर्ण विजार आणि बाह्यांचा शर्ट घालायचा. बर्म्युडा कितीही लांब असली तरी चालत नाही.

दोन गोष्टी आपल्या सवयीच्या उलट आहेत, त्या बैठकीत मोठ्याने सांगा. चर्चमध्ये चपला-बूट काढत नाहीत. आणि पुरुषांनी डोक्यावरचं काढायचं असतं. आपल्या आजोबांची टोपी देवळात डोक्यावर असणं हा मान, तिथे मात्र ती हातात घ्यायची. दारातच कुणी रागावून सांगण्यापेक्षा हे घरच्या माणसाने आधी समजावून सांगितलेलं बरं, नाहीतर म्हाताऱ्या माणसाच्या मनाला ते लागून राहतं.

पिशवीत पाणी, टोपी, सैल न पडणारे बूट, पातळ शाल, रोजच्या गोळ्या, सुटे लारी आणि पासपोर्टची प्रत. गाडीत सगळ्यांसाठी मिळून दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग. जैन मंडळींचा डबा लसूण नसलेला आणि वेगळ्या पिशवीत बांधा. घरच्या खाण्याची ही पिशवी दिवसभर अडीअडचणीला उपयोगी पडते.

## टप्पा ७ : सकाळ आणि मठ

जॉर्जियाचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. तिथले सहा वाजतात तेव्हा आपल्या अंगाला साडेसात झालेले असतात, त्यामुळे पहिल्या दोन-तीन दिवसांत लवकर उठणं जड जात नाही. याचा फायदा घ्या. ही सहल पोचल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठेवा. साडेसातला पोटभर नाश्ता, सव्वाआठला गाडी सुरू. साडेदहाच्या आत मठात पोचलात की दिवस हातात राहतो.

मठ आधी का, हे गटातल्या प्रत्येकाला कळलं पाहिजे. वाइनचा वास येणारं तोंड घेऊन नांदत्या मठात जाणं अपमान आहे. आपण दारू पिऊन विठ्ठलाच्या रांगेत उभे राहत नाही, एवढं सांगितलं की पुरतं. वाइन आधी घेतली की दुपारच्या उन्हात पायऱ्याही चढवत नाहीत.

दारापाशी पाच मिनिटं थांबून कपडे नीट करा, फोन मूक करा, आणि मगच आत जा.

आत काय करायचं : मेणबत्ती विकत घ्यायची, पेटवायची, वाळूच्या तबकात किंवा ठरलेल्या स्टँडवर लावायची, हात जोडायचे. एवढं सगळ्यांना चालतं आणि मनालाही बरं वाटतं.

काय करायचं नाही : फोटो नाही, आवाजात बोलणं नाही, खिशात हात नाही. चित्रांच्या भिंतीपलीकडे, म्हणजे वेदीच्या भागात पाऊल नाही. हळद-कुंकू, फुलं, नारळ, खडीसाखर काहीही वाहायचं नाही. आवारात घंटा दिसली तरी वाजवायची नाही. आपला हात सवयीने वर जातो, म्हणून मुद्दाम लिहितो. जोगिणींचे फोटो काढायचे नाहीत, त्या बागेत काम करत असल्या तरी नाही.

बोद्बेला खाली दरीत संत निनोचा झरा आहे. वाट झाडीतून शेकडो पायऱ्या उतरत जाते. उतरताना सगळेच उत्साहात असतात, पण चढताना गुडघे धरतात. यादीतला चौथा रकाना उघडा आणि त्याप्रमाणे गट दोन करा. उतरणाऱ्यांना पाऊण तासाची वेळ द्या, बाकीच्यांनी वर बागेत बसावं. झऱ्याच्या कुंडात स्नान करणाऱ्या भाविकांचे फोटो काढायचे नाहीत, आणि आपण त्यात पाय धुवायचे नाहीत.

तपासा : मठातून निघताना डोकी मोजा, आणि शौचालयाची फेरी इथेच उरका.

## टप्पा ८ : जेवण

सिघनाघीत तासभर फिरा. गल्ल्या गोट्यांच्या फरसबंदीच्या आणि चढाच्या आहेत, ज्येष्ठांना चौकातच बसवा. एक वाजता जेवायला बसा.

जेवण वाइनरीच्या आधी, ही अट सैल करू नका. रिकाम्या पोटी पहिला ग्लास गेला की पुढचे दोन तास गटप्रमुखाचे हाल असतात.

शाकाहाऱ्यांसाठी एक शब्द पाठ करा : सामार्ख्वो. तिथले भाविक बुधवारी, शुक्रवारी आणि मोठ्या उपासकाळात मांस, दूध, अंडी सोडतात, त्या जेवणाला हे नाव आहे. नुसतं "व्हेज" म्हटलं तर मटणाच्या रश्श्यात शिजवलेली भाजीही येऊ शकते. "सामार्ख्वो" म्हटलं की स्वयंपाकघरात नेमकं कळतं. मासे नकोत, हे तेवढं वेगळं सांगा. घेवड्यासारख्या दाण्यांची दाट आमटी म्हणजे लोबियो, अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी, पालक-बिटाचे प्खाली, मक्याची भाकरी म्च्हादी : आपल्या माणसाला हे जेवण परकं वाटत नाही. म्च्हादी आणि लोबियो एकत्र आले की कुणी तक्रार करत नाही.

दूध चालत असेल तर चीज भरलेली खाचापुरी घ्या. तिच्या होडीसारख्या प्रकारावर कच्चट अंडं फोडलेलं असतं, हे अंडं न खाणाऱ्यांना आधी सांगा. लोबियानी म्हणजे घेवड्याचे दाणे भरलेली रोटी. राचा भागाच्या पद्धतीच्या लोबियानीत डुकराचं मांस असतं. साध्या लोबियानीत नसतं, तरी विचारा. अक्रोडाच्या जवळजवळ प्रत्येक वाटणात लसूण असतो, त्यामुळे जैन मंडळींना ते चालत नाही. त्यांच्यासाठी तंदुरासारख्या भट्टीतला ताजा पाव, चीज, काकडी-टोमॅटो, फळं आणि आपला डबा.

ऑर्डर आदल्या दिवशी गाइडकरवी कळवून ठेवा. अठरा जणांनी बसल्यावर मेनू वाचायला घेतला की दोन तास जातात, आणि तेवढी वाइनरीतली बाग हुकते.

## टप्पा ९ : वाइनरी

तीनच्या सुमारास पोचा. क्रम असा ठेवा : आधी बाग, मग तळघर, मग चाखणं. यजमान प्रेमाने दारातच ग्लास पुढे करतो. त्याला हसून सांगा, आधी बाग.

बागेत. आपला मंडप किंवा वाय आकाराचा मांडव इथे शोधू नका, काखेतीत वेली तारांवर उभ्या चढवलेल्या असतात. विचारण्यासारखं पुष्कळ आहे : दोन ओळींत अंतर किती, खुंट कुठला, एका वेलीवर किती घड ठेवतात, पाणी देतात की पावसावर आहे, भुरी-दावण्याला काय फवारतात. गारपिटीबद्दल जरूर विचारा. काखेतीत गारा फोडण्यासाठी ढगांत रॉकेट सोडण्याची सरकारी यंत्रणा आहे. गारपिटीने बाग गेलेल्या माणसाला त्यातलं प्रत्येक वाक्य ऐकावंसं वाटेल.

घड लागलेले असतील तर परवानगी घेऊन सापेरावी या तिथल्या काळ्या जातीचा एक मणी बोटांत दाबून बघा. काळ्या द्राक्षाची साल काळी आणि गर पांढरा असतो, हे आपण आयुष्यभर बघितलेलं. सापेरावीचा गरच लाल निघतो आणि बोटं जांभळी होतात. मणी लहान, साल जाड, बिया ठसठशीत. थॉमसन जातीच्या लांबुडक्या मण्याची सवय असलेल्याला हा मणी बिनकामाचा वाटेल, पण वाइनला रंग आणि तुरटपणा लागतो तो याच साली-बियांतून येतो. पांढऱ्यांत र्कात्सितेली ही तिथली मुख्य जात.

तळघरात. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे अंडाकृती रांजण दिसतील, त्यांना क्वेव्री म्हणतात. काखेतीच्या पद्धतीत पांढरी द्राक्षंसुद्धा साल, बी आणि देठांसकट त्यात आंबवतात आणि पाच-सहा महिने तशीच ठेवतात. त्यामुळे वाइनला अंबराच्या खड्यासारखा पिवळा-तपकिरी रंग येतो. या पद्धतीला २०१३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. मालकाला रांजण धुण्याची पद्धत दाखवायला सांगा. एवढ्याशा तोंडातून आतला भाग कसा घासतात, हे बघण्यासारखं आहे.

सावधान : काढणीच्या दिवसांत रांजण आंबत असतात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. उघड्या रांजणावर वाकून वास घेऊ नका, लहान मुलांना तळघरात मोकळं सोडू नका, डोकं गरगरलं तर लगेच बाहेर या.

चाखताना. पाच वाइन प्रत्येकी ५० मिली म्हणजे माणशी पाव लिटर, बाटलीचा तिसरा हिस्सा. सवय नसलेल्याला हे पुष्कळ होतं. म्हणून ग्लास अर्धाच भरायला सांगा. एक घोट, मग पाव-चीज, मग पाणी. नको असलेली वाइन ओतायला भांडं ठेवलेलं असतं, त्यात ओतली तर कुणाचा अपमान होत नाही. सालीसकट आंबवलेली पांढरी वाइन पहिल्या घोटाला तुरट लागते. तोंड वाकडं करून ग्लास ढकलू नका, पावाबरोबर दुसरा घोट घ्या.

शेवटी यजमान चाचा आणतो. वाइन गाळून उरलेल्या चोथ्यापासून काढलेली ही दारू आहे, ताकद ४० टक्क्यांच्या वर, घरची असेल तर बरीच वर. सगळा दिवस सांभाळून नेलेला गट इथे कोसळतो, कारण पेला लहान असतो आणि पाणचट दिसतो. नको असेल तर छातीवर हात ठेवून "आरा, मादलोबा" म्हणा, म्हणजे नको, आभारी आहे. एकदा ठामपणे म्हटलं की पुरतं. शुभेच्छा देताना ते "गाउमार्जोस" म्हणतात. तेव्हा न पिणाऱ्यांनी रसाचा पेला उंचावला तरी चालतो, आणि माळकरी आजोबा त्या टेबलावर मानाने बसू शकतात. त्यांना बाहेर गाडीत बसवून ठेवू नका.

फोटोंचा नियम बैठकीतच करा : हातात ग्लास असलेल्या कुणाचाही फोटो त्याला विचारल्याशिवाय व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही. आपण तिथे असतो, पण फोटो गावात फिरतो आणि त्रास होतो तो बहुधा बायकांना.

## टप्पा १० : परतीची वाट, बाटल्या आणि काड्या

पाच-सव्वापाचला उठा. गाडीत बसल्यावर डोकी मोजा, नुसतं "सगळे आले का?" विचारू नका. ड्रायव्हरने वाइन घेतलेली नाही, हे गाइडला स्पष्ट विचारा. पट्टे लावा. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांना डबा गाडीतच द्या.

बाटल्या घेताना हिशोब साधा आहे. भारतात परतणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटर दारू करमुक्त आणता येते. ७५० मिलीच्या दोन बाटल्या दीड लिटर होतात, तीन घेतल्या की मर्यादा ओलांडते. बाटल्या चेक-इन बॅगेत ठेवा, प्रत्येक बाटली मोज्यात आणि मग कपड्यांच्या मधोमध. परतीचं विमान शारजा किंवा कुवेतवरून असेल आणि तिथे विमानतळाबाहेर पडायचं असेल तर बाटल्या घेऊच नका, दोन्हीकडे दारूबंदी आहे. घरच्या लोकांसाठी चुर्चखेला घ्या. अक्रोड दोऱ्यात ओवून, द्राक्षाच्या घट्ट आटवलेल्या रसात बुडवून वाळवलेली ती कांडी बेदाणा करणाऱ्या माणसाला लगेच कळते आणि प्रवासात टिकतेही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सापेरावीची एक काडी खिशात घालून आणावी, असा मोह प्रत्येक बागायतदाराला होतो. कृपा करून आणू नका. आयात परवाना आणि तिथल्या सरकारचा वनस्पती-आरोग्य दाखला असल्याशिवाय काडी, रोप किंवा माती भारतात आणणं बेकायदा आहे. त्यासाठी २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश आहे. कायद्यापेक्षा मोठी भीती रोगाची आहे. फायलोक्सेरा या मुळावरच्या किडीने एकोणिसाव्या शतकात युरोपच्या बागा उद्ध्वस्त केल्या, आणि ती पसरली ती अशाच नेलेल्या रोपांमधून. विषाणू तर काडीवर डोळ्यांना दिसतही नाहीत. जात खरोखर हवी असेल तर वाइनरीतून तिचं नाव आणि माहिती लिहून आणा आणि पुण्याजवळ मांजरीला असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात विचारा.

बागेत फिरलेले बूट त्याच रात्री हॉटेलच्या न्हाणीत घासून धुवा, तळव्याच्या खाचांतली माती निघेपर्यंत, आणि पूर्ण वाळल्यावरच बॅगेत भरा. घरी आल्यावर ते बूट घालून आठवडाभर तरी आपल्या बागेत पाऊल टाकू नका.